हलक्या चापाचं रिव्हॉल्व्हर

९ जून

आजही मधमाश्यांच्या पेट्यांना हात लावला नाही. गाडी घेऊन टेकाडावरच्या पेट्यांपर्यंत गेले, काच खाली केली, माश्यांचा आवाज ऐकला आणि तशीच मागे फिरले. आर्लनला सांगितलं, वारा फार होता. मोंटानाच्या या भागात वारा नसतो कधी? तो उशीला टेकून, राहिलेल्या एका डोळ्यानं खिडकीबाहेर बघत बसला.

मे महिन्यात ओढ्याकाठच्या पेट्यांजवळ अस्वलीनं त्याला धरलं. पिल्लू होतं बरोबर. डावा डोळा गेला, डोक्याची कातडी शिवावी लागली, उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही. कमरेचं रिव्हॉल्व्हर ओढ्यात कुठे पडलं ते सापडलंच नाही. सरकारी माणसं येऊन पावलांचे ठसे मोजून गेली. म्हणाली, आई आहे, पिल्लासाठी धावली, माणसाच्या मागे लागणारी नव्हे. अस्वली अजून तिथेच कुठेतरी आहे. त्या दिवशी काय झालं ते आर्लननं कुणालाच सांगितलेलं नाही. मी विचारलं की पाणी मागतो.

आता पेट्या माझ्याकडे आल्यात. मध गाळणं, बाटल्या भरणं माझं. पेट्या त्याच्या, असं आमचं लग्न झाल्यापासूनचं आहे. लसूणघास फुलायला लागलाय. पेट्यांवर नवे मजले चढवले नाहीत तर जागा पुरत नाही म्हणून निम्म्या माश्या उडून जातील. जॅनेल स्पोकॅनहून फोनवर म्हणाली, “आई, विकून टाका ना सगळं.” पोटची पोर, पण मधात वाढलेल्या मुलीनं असं म्हणावं?

रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलंय.

१२ जून

ट्वायलाच्या दुकानात गेले. ट्वायला सत्तरीची आहे, नवऱ्यामागे दुकान एकटीच चालवते. काचेवर तिनं हिरवा फडका पसरला आणि दोन रिव्हॉल्व्हरं शेजारी शेजारी ठेवली. मला दोन्ही सारखीच दिसली.

“सारखीच आहेत,” ती म्हणाली. “एका आईची दोन लेकरं. एक शाळेत गेलं, एक नाही गेलं.”

रिकामी असल्याचं तिनं मला दोनदा दाखवलं आणि साधं हातात दिलं. चाप ओढायला सांगितलं. माझ्या अंगठ्याचा सांधा गेली दोन वर्षं धरलेला आहे आणि बोटात तरी जोर कुठला! चाप अर्ध्यावर आला, तिथेच अडला. मी दात आवळून ओढला तर नळीचं टोक हवेत गरागरा फिरलं.

“अस्वल सोडून बाकी सगळ्यांना लागली असती गोळी,” ट्वायला म्हणाली.

मग दुसरं दिलं. हे कारखान्यातच वेगळं काढून तयार करतात म्हणे. आतले भाग जिथे एकमेकांवर घासतात तिथे हातानं घोटून आरशासारखे करतात. चक्रीच्या भोकांच्या कडा उतरवतात, म्हणजे घाईत काडतूस अडखळत नाही. उसळी कमी बसावी म्हणून नळीला वरून फटी पाडतात. मी चाप ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. नळीचं टोक जागचं हललं नाही.

“साधं घेऊन इथेच कुणाकडून हलकं करून घेतलं तर?” मी विचारलं.

“लोक करतात. स्प्रिंग कापून घेतात. चाप हलका होतो, पण त्याबरोबर घोड्याचा ठोकाही हलका होतो. ऐन वेळी काय होतं माहितीये? टक. नुसतं टक.”

घरी येईपर्यंत ते ‘टक’ माझ्या कानात होतं.

१५ जून

आर्लनला घेऊन पुन्हा दुकानात गेले. घराबाहेर पडायची त्याची ही पहिलीच वेळ. टोपी कपाळावर ओढून बसला होता. मला वाटलं होतं, घोटलेलं रिव्हॉल्व्हर बघून खूश होईल. त्यानं ते डाव्या हातात धरलं, चक्री कानाशी नेऊन फिरवली आणि खाली ठेवलं.

“फार हलका आहे चाप.”

“म्हणून तर घ्यायचं ना,” मी म्हटलं.

“जड चाप बरा असतो, व्हर्ना. ओढता ओढता माणसाला बघायला सवड मिळते.”

ट्वायला म्हणाली, “अरे बाबा, अस्वल पन्नास हातांवरून निघालं की सवड कोण देतंय? आणि जड चाप तिला ओढताच येत नाही.”

“मग नळी तरी लांब हवी. ही आखूड आहे.” मग म्हणाला मूठ जाड आहे. मग म्हणाला, रंग चकाकतो, उन्हात अस्वलाला दिसेल. ट्वायला माझ्याकडे बघायला लागली. उभ्या आयुष्यात या माणसानं गाडीसुद्धा रंग न बघता घेतली. शेवटी त्यानं ट्वायलाला लांब नळीचं मागवायला सांगितलं, आणि ते येईपर्यंत मी एकटीनं पेट्यांकडे जायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मी लगेच कबूल केलं. इतक्या लगेच, की माझी मलाच लाज वाटली.

२४ जून

रिव्हॉल्व्हर आलेलं नाही. दुकानात आर्लनच फोन करतो. ट्वायला म्हणते म्हणे, अजून वाटेत आहे.

घराजवळच्या पेटीतून आज माश्यांचा एक थवा उडाला. कॉटनवुडच्या फांदीवर डोक्याएवढा गोळा लोंबत होता. मी शिडी आणेपर्यंत निघून गेला. आर्लन पायरीवर बसून बघत होता.

“अशानं सगळं जाईल,” मी म्हटलं.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “माश्याच आहेत.”

हे आर्लन बोलला! हिवाळ्यात पेट्यांना कान लावून त्या जिवंत आहेत का ऐकणारा आर्लन! अस्वलीनं त्याचा डोळाच नेला असं नाही, काहीतरी आणखी नेलं. त्याची हिंमत गेली असं मला वाटतं, आणि ती माझ्याकडे आलेली नाही. मग ती गेली कुठे?

२ जुलै

आज मी न सांगता ट्वायलाकडे गेले. म्हटलं, लांब-आखूड काही नको, तेच घोटलेलं दे. ती जरा घुटमळली.

“आर्लनला माहितीये?”

“कळेल.”

ती मागच्या खोलीत गेली आणि डबा घेऊन आली. उघडला तर आत घोटलेलं, लांब नळीचंच होतं! कधीचं येऊन पडलं होतं. मी म्हटलं, “अगं, मग कळवायचं नाही का?” ती म्हणाली, “माझं वय झालं, व्हर्ना. विसरले.” आणि पाठ करून काडतुसं काढत बसली. बिचारी. एवढं मोठं दुकान एकटीनं सांभाळते, होतं असं.

तिच्या मागच्या कुरणात तिनं मला कानांवर आवाज अडवणारे मफ घालून चालवायला लावलं. पहिल्या गोळीला डोळे मिटले. नंतर जमलं. लाकडाच्या फळीला भोकं पडली. रात्री जेवताना काट्यावरचे वाटाणे ताटात पडत होते. आर्लननं बघितलं. मी रिव्हॉल्व्हर त्याच्यासमोर ठेवलं. चिडेल असं वाटलं होतं. त्यानं ते बोटानं हळूच बाजूला सारलं.

मग म्हणाला, “उद्या कुठल्या पेट्यांकडे?”

४ जुलै

काल टेकाडावर गेले. सगळ्या पेट्यांवर मजले चढवले. हे लिहायला फार सोपं आहे.

खरं म्हणजे पेटी उघडायची तर खाली बघावं लागतं, आणि खाली बघितलं की पाठ उघडी पडते. एक चौकट काढली की मागे वळून बघायचं, दुसरी काढली की मागे वळायचं. जाळी तोंडावर असल्यामुळे कडेचं दिसत नाही. माश्यांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. विजेचं कुंपण आहे, पण तारा पातळ, आणि त्या अस्वलीनं आर्लनला गाठलं ते कुंपणाबाहेरच. अस्वलाच्या डोळ्यांत मारायच्या तिखट फवाऱ्याचा डबा कमरेला एका बाजूला, रिव्हॉल्व्हर दुसऱ्या बाजूला. वारा असा, की फवारा मारला तर माझ्याच तोंडावर यावा. घामानं मोजे ओले झाले होते.

आणि एक गोष्ट. फाटकाची साखळी मी नेहमी डावीकडून गुंडाळते. काल ती उजवीकडून गुंडाळलेली होती.

११ जुलै

पुन्हा साखळी उजवीकडून. या वेळी शाळेमागच्या पेट्यांजवळ. कुंपणाची बॅटरी कुणीतरी पुसलेली होती.

मधचोर असेल का? मध अजून तयारही नाही. आर्लनला सांगितलं. तो लोणी फासत होता, त्याचा हात थांबला. “वाऱ्यानं फिरली असेल साखळी.” साखळी वाऱ्यानं सुटते, गुंडाळली जात नाही, एवढं मलाही कळतं. पण वाद घातला नाही. हल्ली रोज जेवताना विचारतो, उद्या कुठे, किती वाजता. मालकासारखा. बरं वाटत असेल त्याला, कामात आहोत असं.

सकाळी माझ्या आधी उठून तो जुना पिकअप घेऊन कॅफेत जातो. डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिलेली नाही, पण रस्ता सरळ आहे, आणि चार लोकांत बसतो हेच खूप.

१६ जुलै

कॅफेत पेस्ट्री विकत घ्यायला थांबले. रुबार्बच्या आंबट देठांची, आर्लनला आवडते म्हणून. वाढणारी बाई म्हणाली, “आर्लन कसा आहे? मे महिन्यापासून दिसला नाही.”

मी म्हटलं, बरा आहे.

म्हणजे तो तिथे जात नाही. नदीकाठी एकटा बसत असणार, चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. मला रडू आलं. घरी आल्यावर त्याला पेस्ट्री कापून दिली. “कॅफेतली?” त्यानं विचारलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, हो, गर्दी होती फार, कुणाशी बोलणं झालं नाही. एवढं एक खोटं माफ असावं.

२० जुलै

आज जे बघितलं ते लिहिताना बोटं गार पडतात.

शाळेमागच्या पेट्यांपासून थोड्या अंतरावर वाळुंजाची झुडपं आहेत. त्यांच्या आत गवत दाबलेलं होतं. काहीतरी मोठं तिथे बराच वेळ बसलेलं. फांद्या मोडून समोरची जागा मोकळी केलेली. तिथून पेट्या स्वच्छ दिसतात. म्हणजे मी दिसते. गवताला हात लावला तर ऊब लागल्यासारखी वाटली. ऊन असेल, पण मला तसं वाटलं नाही. मी धूर करायचा डबा तिथेच टाकून पळाले.

ती माझ्यावर नजर ठेवून आहे. बायबलवर हात ठेवून सांगेन. पिल्लासाठी धावणारी नव्हे ती, लपून बसणारी आहे.

ट्वायलाला फोन केला. ती म्हणाली, “अस्वल एवढा वेळ एका जागी बसून माणूस बघत नाही गं.” मग थोडं थांबून म्हणाली, “आर्लनशी बोल. त्याच्याशी बोल तू.” त्याच्याशी काय बोलू? आधीच मेल्यासारखा झालाय. त्याला ही भीती कशाला देऊ?

२१ जुलै

दिवसभर आमच्या घरामागच्या कुरणात सराव केला. म्यानातून काढायचं, चाप ओढायचा. काढायचं, ओढायचा. आता विचार करावाच लागत नाही. आर्लन पायरीवरून बघत होता.

“व्हर्ना, जरा दमानं. आधी बघ, मग ओढ.”

“तू बघितलं होतंस का आधी?” मी म्हणून गेले.

तो उठून आत गेला. माझी जीभ झडो.

२६ जुलै

ओढ्याकाठच्या पेट्या तेवढ्या राहिल्यात. मे महिन्यापासून तिथे कुणी गेलेलं नाही. उद्या जाणार असं जेवताना सांगितलं. आर्लनचा चेहरा मेणासारखा झाला.

“तिकडच्या सोडून दे.”

“सगळ्यांत चांगला मध तिथलाच, तूच म्हणतोस.”

“मला बरं वाटलं की मी जाईन.”

“तुला कधी बरं वाटणार, आर्लन?”

जखमी झाल्यापासून तो झोपतो त्या खालच्या खोलीत गेला. दार लावलं नाही, पण उघडंही ठेवलं नाही. जायचं ते या भीतीच्या तावडीतून एकदाचं सुटायला. तिथे काही झालं नाही तर कुठेच काही होणार नाही.

२७ जुलै

जमेल तसं लिहिते. कानात शिट्टी वाजते आहे, दुसरं काही ऐकू येत नाही.

मी उठले तेव्हा पिकअप गेलेला होता. नाश्ता न करता निघाले. ओढ्याजवळ पोचले तेव्हा वारा नुकताच सुटला होता. फाटकाची साखळी उजवीकडून गुंडाळलेली. तिथेच मागे फिरायचं होतं मी. फिरले नाही. जाळी घातली, धूर केला, पहिली पेटी उघडली. माश्यांनी आपल्या आपण मेण बांधून झाकणाखालची जागासुद्धा भरून टाकली होती, इतका मध. क्षणभर मला बरंही वाटलं.

मग वाळुंजात फांदी मोडली.

मी वळले. पानांमागे तपकिरी काहीतरी होतं, मोठं, वाकलेलं. ते वर उठायला लागलं. दोन पायांवर. सरावानं हात आपोआप गेला. चाप ओढल्याचं मला आठवत नाही, देवाशपथ आठवत नाही. मनात आलं आणि गोळी सुटलेली होती.

झुडपातून दोन हात वर आले. एका हातात फवाऱ्याचा डबा.

आर्लन होता. त्याचा तो तपकिरी कॅनव्हासचा कोट. त्याच्या खांद्याशेजारी वाळुंजाचं खोड फुटून पांढरं पडलं होतं आणि सालीचे तुकडे गालात घुसून रक्त येत होतं. तोंड हलत होतं. मला काही ऐकू येत नव्हतं. रिव्हॉल्व्हर माझ्या हातात तसंच त्याच्यावर रोखलेलं, आणि मला बोट काढता येईना.

मग त्याचा चेहरा बदलला. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागे बघत होता.

मी वळून बघितलं. माझ्या पाठीमागे, रानचेरीच्या जाळीत, मी ज्या बाजूला एकदाही लक्ष दिलं नव्हतं तिथून ती उठली. पिल्लू तिच्या पायात. गोळीच्या आवाजानं उठली असणार. किती वेळ तिथे होती, देव जाणे. तिनं मान हलवून हवा हुंगली. आर्लन झुडपातून धावत आला, एका डोळ्यानं ठेचकाळत, आणि माझ्या पुढे उभा राहिला. डाव्या हातात डबा धरून. मी माझी नळी खाली केली, कारण समोर त्याची पाठ होती. ती पाठ मी इतकी वर्षं बघते आहे, पण अशी कधी बघितली नव्हती. ती थरथरत होती, कोटासकट.

अस्वलीनं पिल्लाला नाकानं ढकललं आणि ओढा ओलांडून गेली. मागे वळून बघितलंही नाही.

आम्ही गाडीत जाऊन बसलो. काचा वर केल्या. मी रिव्हॉल्व्हरची चक्री उघडून काडतुसं मांडीवर ओतली, आणि मग मला कळलं. साखळ्या. बॅटरी. दाबलेलं गवत. रोज माझ्या आधी निघून, पिकअप दूर कुठेतरी आडोशाला लावून, माझ्या आधी पोचून, मी येईपर्यंत आणि मी जाईपर्यंत तो तिथे बसत होता. ज्या हाताची मूठ वळत नाही तो हात घेऊन. आणि त्यालाच घाबरून मी महिनाभर मेलेली.

मी म्हटलं, “मी तुला मारलं असतं.” माझाच आवाज मला आला नाही.

त्यानं गालातली साल उपटून काढली आणि काहीतरी म्हणाला. हसला थोडं, म्हणजे काहीतरी टोमणा असणार. मग हसू गेलं. समोरच्या काचेतून पेट्यांकडे बघत तो बोलायला लागला. थांबेचना. हातानं दाखवत होता. इथून, असा, असा. मध्येच डोक्यावरच्या शिवणीला हात लावला. मध्येच रडला. मला कळलं तो कुठल्या दिवसाचं सांगतोय. एक शब्द ऐकू येत नव्हता. थांब म्हणावंसं वाटलं, पण थांबवलं आणि पुन्हा सुरूच झाला नाही तर? मी त्याच्या ओठांकडे बघत मान हलवत राहिले.

२९ जुलै

कानातली शिट्टी डाव्या बाजूची गेली. उजवा कान अजून बंद आहे. रिव्हॉल्व्हर ट्रंकेत ठेवलंय. ते परत द्यायचं, बदलायचं की ठेवायचं, यावर आम्ही सकाळी भांडलो. तो म्हणतो ठेव, मी म्हणते हात लावणार नाही. पेट्यांकडे आता दोघांनी जायचं, एकानं काम करायचं आणि एकानं पाठीला पाठ लावून उभं राहायचं, एवढं ठरलं. भीती गेलेली नाही. त्याचीही नाही. तसं तो स्वतःच म्हणाला, अंड्यांवर मीठ टाकता टाकता.

दुपारी धीर करून मी त्याला खरं सांगितलं, की गाडीत तो जे बोलला त्यातलं मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तो बघतच राहिला. “काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“आणि मान कशाला हलवत होतीस मग, बाई?”

वाटलं, संपलं, आता हा पुन्हा पाणी मागेल. त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला, खुर्ची उचलून माझ्या डाव्या बाजूला आणून ठेवली आणि बसला.

“त्या दिवशी गाडीतून उतरलो,” तो म्हणाला, “तेव्हा पिल्लू मला आधी दिसलं.”